मुलीची प्रशिक्षक आईच असावी का?

भुसावळहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘मी आणि माझा मोठा भाऊ लहानपणी चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग करत असू. जोडीच्या प्रकारात आम्ही राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचलो, पुढे जमले नाही. लग्नानंतर भुसावळला आल्यावर मी सकाळचा क्लास सुरू केला. माझी अकरा वर्षांची मुलगी त्याच क्लासमध्ये शिकते आणि तिथे तीही मला मॅडमच म्हणते. फेब्रुवारीत तिने मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकमधील फिगर स्केटिंग मोबाइलवर पाहिले आणि तेव्हापासून मला बर्फावरच शिकायचे आहे, असा हट्ट धरला आहे. मात्र हल्ली क्लासला निघायच्या वेळी तिच्या पोटात दुखते. मी समोर नसले की ती छान खेळते, मी पाहू लागले की अडखळते. इतर पालकांना पक्षपात वाटू नये म्हणून मी सगळ्यांत जास्त तिलाच बोलते, हे मला कळते. माझे सासरे, नाना, म्हणतात की हे तिच्या रक्तातच आहे, सोडू देऊ नकोस. नातेवाइकांच्या ग्रुपवर अमेरिकेचा फिगर स्केटर इलिया मलिनिन याचे व्हिडिओ फिरत असतात. भाऊ म्हणतो, तिला पुण्याला माझ्याकडे पाठव, मी तयार करतो. यजमानांचे म्हणणे असे की दहावी होईपर्यंत हे सगळे बंद ठेवावे. मी काय करावे?’

ताई, पोटदुखीचा विषय प्रथम बाजूला काढू. मुलीला बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. तपासणीत काही निघाले नाही, तर ‘नाटक करते’ असा निष्कर्ष कोणीही काढू नये. मनावर ताण असलेल्या मुलांचे पोट खरोखरच दुखते, आणि ते ठरावीक वेळी, ठरावीक जागी निघतानाच दुखत असेल, तर ते आपल्याला काहीतरी सांगत असते. तुमच्या पत्रातील उरलेल्या सगळ्या प्रश्नांचे मूळ मला तिथेच दिसते.

आता नानांच्या म्हणण्याकडे येतो, कारण घरातले वडीलधारे माणूस ‘रक्तात आहे’ असे म्हणते, तेव्हा ते कौतुक असते आणि त्या कौतुकाचे ओझेही असते. नानांच्या बाजूने बोलणारी उदाहरणे भरपूर आहेत आणि ती खरी आहेत. इलिया मलिनिनचे आईवडील, तात्याना मालिनिना आणि रोमन स्कोर्न्याकोव्ह, दोघेही उझबेकिस्तानकडून १९९८ आणि २००२ च्या ऑलिम्पिकमध्ये उतरले होते. मुलगा अमेरिकेकडून खेळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिडच्या स्पर्धेत त्याने हवेत साडेचार गिरक्या घेणारी चौपट ॲक्सल उडी यशस्वी करून दाखवली, जी त्यापूर्वी स्पर्धेत कोणालाही जमली नव्हती, आणि २०२४ व २०२५ मध्ये तो जागतिक विजेता झाला. जपानच्या युमा कागियामाचे वडील मासाकाझू १९९२ आणि १९९४ चे ऑलिम्पिक खेळाडू, मुलाने २०२२ मध्ये बीजिंगला रौप्यपदक मिळवले. १९९४ मध्ये जपानमधील चिबा येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत महिलांचे विजेतेपद युका सातोने जिंकले. तिचे वडील नोबुओ आणि आई कुमिको हे दोघेही ऑलिम्पिक खेळाडू होते आणि तिला शिकवणारेही तेच होते. त्याच स्पर्धेत जोड्यांचे सुवर्ण येवगेनिया शिशकोवा आणि वादिम नौमोव यांनी मिळवले, आणि त्यांचा मुलगा मॅक्झिम यंदाच्या ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या संघात निवडला गेला. हे आईवडील जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या विमान अपघातात गेले. तरीही तो खेळत राहिला.

एवढी यादी वाचून नाना खूश होतील. परंतु या घराण्यांमध्ये नेमके काय आईवडिलांकडून मुलांकडे गेले, हे पाहायचे असेल तर शंभर वर्षे मागे व्हिएन्नाला जावे लागते. एडुआर्ड एंगेलमान हे १८९२ ते १८९४ अशी सलग तीन वर्षे युरोपचे विजेते होते आणि पेशाने अभियंते होते. १९०९ मध्ये त्यांनी व्हिएन्नात कृत्रिम बर्फाची उघड्यावरची रिंक बांधली. अशी ती जगातली पहिलीच. त्यांची मुलगी हेलेन १९२४ च्या ऑलिम्पिकमध्ये जोडीच्या प्रकारात सुवर्णपदक विजेती ठरली. बहीण क्रिस्टा फोन साबो हिने जोडीच्या प्रकारात जागतिक पदके मिळवली होती. क्रिस्टाची मुलगी, म्हणजे एंगेलमान यांची भाची, हेर्मा साबो हिने त्याच १९२४ मध्ये एकेरीचे सुवर्ण जिंकले आणि ती पाच वेळा जगज्जेती झाली. आणि १९३२ व १९३६ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारा कार्ल शेफर हा एंगेलमान यांचा जावई होता. जावयात सासऱ्याचे रक्त नसते, हे नानांनाही मान्य व्हावे. त्या कुटुंबाकडे जे होते ते घरचे बर्फ होते. इतरांना हिवाळा कधी पडतो याची वाट पाहावी लागत असताना या मुलांना ऋतू लांबवून मिळत होता, आणि चूक कुठे झाली हे सांगणारे मोठे माणूस जेवणाच्या टेबलावरच बसलेले असे.

मलिनिनच्या घरी याहून वेगळे काही घडले नाही. आईवडील व्हर्जिनियातील रिंकवर दिवसभर शिकवत असत, मुलगा तिथेच वाढला आणि सहाव्या वर्षी बर्फावर उतरला. गंमत म्हणजे त्याने या खेळात यावे अशी आईवडिलांची मुळात इच्छा नव्हती, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. खेळाची झीज, दुखापती, खर्च आणि निकालांची बेभरवशाची तऱ्हा त्यांनी आतून पाहिलेली होती. शरीराची ठेवण, सांध्यांची लवचीकता यांचा काही वाटा जन्मतः मिळत असणारच, ते मी नाकारत नाही. परंतु ज्याला आपण वारसा म्हणतो त्याचा मोठा भाग रिंकची किल्ली, वेळ आणि जाणकार नजर यांचा असतो. शिवाय जे आले नाहीत त्यांची यादी कोणी करत नाही. इरिना रॉदनिना यांनी १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके आणि दहा जागतिक विजेतेपदे मिळवली. त्यांची मुलगी पत्रकार झाली. त्या घरात रक्त कमी पडले असे म्हणता येईल का?

हा हिशेब तुमच्या घराला लावून पाहा. भुसावळात बर्फ नाही, असणारही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा तुमचा सिमेंटचा कोर्ट सकाळी आठनंतर हात लावण्याजोगा राहत नसेल. परंतु नजर तुमच्याकडे आहे आणि ती लहान गोष्ट नाही. आतली एज आणि बाहेरची एज, म्हणजे स्केटच्या आतल्या वा बाहेरच्या कडेवर तोल धरणे, यांतला फरक पायाला कळणे, थ्री टर्न, म्हणजे एका पायावर दिशा बदलणारे वळण, घेताना खांदे आधी की कंबर आधी हे शरीरात मुरणे, गिरकीत हात कधी आत घ्यायचे आणि उतरताना गुडघा किती सोडायचा, या गोष्टी चाकांवर शिकलेल्या मुलीला बर्फावर नव्याने शिकाव्या लागत नाहीत. उड्यांची नावेसुद्धा तीच आहेत, ॲक्सल, साल्को, लुट्झ. फरक आहे तो पायाखाली. चाकांचा स्केट वजनाला जड असतो आणि झुकल्यावर त्याचा सांधा वळतो. बर्फावरचे पाते जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते, त्याच्या मधोमध बारीक खोबण असल्याने दोन्ही बाजूंना दोन धारा तयार होतात, आणि पुढच्या टोकाला चाकांच्या स्केटला असतो त्या टो-स्टॉपरऐवजी (रबरी अटकावाऐवजी) दातेरी टो-पिक असतो, ज्यावर नवखी मुले हटकून अडखळून पडतात. तेव्हा चाकांवरची चार वर्षे वाया गेली असे समजू नका, आणि त्या जोरावर ती बर्फावर लगेच उडू लागेल असेही समजू नका.

आता मूळ मुद्दा. ‘सगळ्यांत जास्त तिलाच बोलते, हे मला कळते,’ हे वाक्य तुम्ही लिहिले, आणि माझ्या मते संपूर्ण पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. इतर वीस मुलांसमोर आपण निःपक्षपाती आहोत हे सिद्ध करण्याचा खर्च तुम्ही एका मुलीच्या खात्यातून करत आहात. बाकीच्या मुलांना मॅडम रागावल्या तर ती मुले घरी जाऊन आईला सांगू शकतात. तुमच्या मुलीने कोणाला सांगावे? तीच मॅडम घरी आई होऊन वरणभात वाढते, आणि ताट वाढता वाढता ‘आज लँडिंगला पाय का टेकवलास’ असे विचारते. तुम्ही असे विचारता की नाही हे पत्रात नाही, परंतु खेळाडू असलेली कोणतीही आई हे न विचारता राहू शकली तर मला आश्चर्य वाटेल. तुम्ही समोर नसताना ती छान खेळते, याचा अर्थ खेळ तिला आवडतो. तिला जड होते आहे ती तुमची नजर, आणि त्या नजरेत मॅडम किती व आई किती हे तिला ओळखता येत नाही.

येथे मी एक अंदाज मांडतो, तो पारखून घ्या. तुमच्या मुलीने बर्फाचा हट्ट धरला तो ऑलिम्पिक पाहून, हे खरेच. पण पोटदुखी आणि हा हट्ट एकाच सुमारास वाढावेत, यात मला संगती दिसते. बर्फ ही तिच्या माहितीतली अशी एकमेव जागा आहे, जिथे आई कधी उतरलेली नाही. तिथे आईपेक्षा जास्त कळणारे कोणी नसेल आणि मामाच्या पदकांच्या गोष्टीही नसतील. खेळ तोच, पण आपला स्वतःचा, असे तिला हवे असावे. मोठ्या घराण्यांतली मुलेही हे करताना दिसतात. एतेरी तुतबेरिद्झे या प्रशिक्षिकेच्या शिष्या एकेरीतील उड्यांसाठी जगभर गाजल्या. त्यांची मुलगी डायना डेव्हिस मात्र आइस डान्समध्ये गेली, जिथे अशा उड्या नसतातच, आणि शिकायला अमेरिकेत दुसऱ्या प्रशिक्षकाकडे राहिली.

जी मुले आईवडिलांच्याच हाताखाली राहिली, त्यांच्याकडेही बारकाईने पाहा. युमा कागियामाचे प्रशिक्षक त्याचे वडीलच आहेत. २०१८ मध्ये वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा काही काळ त्याला त्यांच्याशिवाय सराव करावा लागला, आणि २०२३ पासून २०१२ ची जगज्जेती कॅरोलिना कोस्टनर त्याच्या प्रशिक्षणात सामील झाली. मलिनिनही आईवडिलांखेरीज राफाएल अरुत्युन्यान यांचे मार्गदर्शन घेत आला आहे. जे आईवडील स्वतः ऑलिम्पिक खेळले, त्यांनाही आपल्या मुलाबाबत बाहेरची नजर आणावीशी वाटली, यातून शिकण्यासारखे आहे.

तुम्ही केळीच्या मुलखात राहता, त्यामुळे हे तुम्हाला समजावून सांगायला नको: मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेला कोंब, आईच्या बुडाशी राहू दिला तरी पिलबाग, म्हणजे त्यावरचे पुढचे पीक, येतेच, पण आईला आणि त्याला एकाच जागेचे पाणी व खत वाटून घ्यावे लागते, आणि काढून नव्या खड्ड्यात लावला तर काही दिवस मान टाकतो व मग स्वतःच्या मुळावर उभा राहतो. दोन्ही पद्धती शेतकरी वापरतात. तुमच्या वाफ्यात सध्या दाटी झाली आहे, एवढेच मला दिसते.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की येत्या जूनपासून निदान एक वर्ष मुलीचे प्रशिक्षण तुम्ही स्वतःकडे ठेवू नये. भुसावळात दुसरा क्लास नसेल तर जळगावला पाहा. पॅसेंजरने अर्ध्या तासाचे अंतर आहे, आठवड्यातून दोन दिवस जमण्यासारखे आहे. तेही शक्य नसेल तर तुमच्याच क्लासमधील एखाद्या मोठ्या, जाणत्या विद्यार्थिनीकडे तिचा गट सोपवा आणि त्या तासाला तुम्ही कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला लहान मुले घ्या. तिच्याविषयी त्या ताईने तुम्हाला महिन्यातून एकदाच सांगावे, रोज नाही. घरी स्केटिंगचा विषय मुलीने काढला तरच बोलायचे, हा नियम तुम्हाला पहिले काही दिवस फार अवघड जाईल. तिच्या स्केट्सचे बेअरिंग साफ करून देणे, गुडघ्याचे पॅड धुऊन वाळत घालणे, पडल्यावर हळद लावणे, एवढेच आईचे काम या वर्षी ठेवा. आणि हे सारे तिला शिक्षा वाटणार नाही अशा रीतीने सांगा. ‘तुला मी नीट शिकवू शकत नाही, मी तुझ्यावर विनाकारण जास्त रागावते, म्हणून तुझ्यासाठी वेगळ्या मॅडम पाहिल्या आहेत,’ असे सरळ म्हणालात तरी चालेल. अकरा वर्षांच्या मुलीला एवढे समजते.

पुण्याला पाठवण्याच्या प्रस्तावाला मात्र माझा विरोध आहे. तुमच्या बंधूंच्या प्रेमाबद्दल शंका नाही आणि पुण्यात सोयी जास्त आहेत हेही खरे. परंतु ज्या जोडीचे राज्य स्पर्धेच्या पुढे जमले नाही, त्या जोडीतले तुम्ही एक आणि ते दुसरे. तुमच्या हातून सुटून ती त्याच अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीच्या दुसऱ्या हातात जाईल, शिवाय आईवडील जवळ नसतील. मामाकडे तिने दिवाळीच्या सुट्टीत जावे, भाचीचे लाड करून घ्यावेत, मामाची इच्छा असेल तर एकत्र स्केटिंगही करावे, फक्त मामाने हातात शिट्टी घेऊ नये.

यजमानांचे म्हणणे मला निम्मे पटते. घाई नको, हे त्यांचे बरोबर आहे, आणि खेळाचे नियमही त्यांच्याच बाजूने बोलतात. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा वर्षांपर्यंत नेली आणि २०२४-२५ च्या हंगामापासून ती लागू आहे. कोवळ्या वयात मुलींना पिळून काढण्याच्या प्रकारांवर टीका वाढल्यानंतर हा बदल झाला. पण सगळे दहावीपर्यंत बंद ठेवणे, हे पटत नाही. ज्या मुलीला खेळ आवडतो आणि केवळ एक व्यवस्था जाचते, तिचा खेळच काढून घेतला तर ती चुकीच्या गोष्टीची किंमत मोजेल. आठवड्याचे तीन दिवस, परीक्षेच्या महिन्यात एक, एवढे ठेवून अभ्यास होतो. हे यजमानांना तुम्हीच सांगितलेले बरे.

राहिला बर्फाचा प्रश्न. याबाबत तिच्याशी खोटे बोलू नका. ऑलिम्पिकमध्ये दिसणारी बहुतेक मुले चार ते सात या वयात बर्फावर उतरलेली असतात आणि आठवड्यातले पाच-सहा दिवस तिथेच असतात. अकराव्या वर्षी, खान्देशात राहून, तो मार्ग उपलब्ध नाही. भारताकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणारी तारा प्रसाद ही तमिळ कुटुंबातली मुलगीही अमेरिकेत जन्मली आणि तिथल्याच रिंकवर घडली. आपल्याकडे सिमल्याची जुनी रिंक १९२० पासून आहे, पण ती उघड्यावरची, नैसर्गिक थंडीवर चालणारी आणि केवळ हिवाळ्यापुरती. बंदिस्त आणि पूर्ण आकाराची रिंक म्हणजे देहरादूनची ‘हिमाद्री’. ती २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली, नंतर अनेक वर्षे बंद पडून होती आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तुमच्याच चाकांच्या खेळाला स्वतःचे मोठे व्यासपीठ आहे, हेही तिला दाखवा: २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामाने आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये एकेरीत आणि अवनी पांचाळच्या साथीने जोडीत, अशी दोन कांस्यपदके मिळवली आणि पुढे त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिला हे आकर्षक वाटले नाही तरी हरकत नाही, फक्त माहीत असू द्या.

आणि तरीही तिला एकदा बर्फावर घेऊन जा, असेच मी म्हणेन. ऑलिम्पिकसाठी नाही, तिने मागितले आहे आणि ते देण्याजोगे आहे म्हणून. भुसावळहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्यांना तोटा नाही, तिथून देहरादून रात्रीच्या प्रवासाचे आहे. निघण्यापूर्वी रिंक त्या दिवसांत सर्वांसाठी खुली आहे का, कोणत्या वेळेचे सत्र मिळेल, भाड्याने स्केट्स तिच्या मापाचे आहेत का आणि तिथे शिकवणारे कोणी मिळेल का, हे फोनवर विचारून घ्या. नवे बूट मुळीच विकत घेऊ नका, या वयात पाऊल वर्षभरात वाढते आणि चांगल्या बुटांची किंमत हजारोंत जाते. हातमोजे, घट्ट बसणारे पण फार जाड नसलेले पायमोजे आणि पडल्यावर ओले झाले तर बदलायला दुसरी पँट बरोबर घ्या. सोबत यजमानांनी जावे, तुम्ही नको. तुम्ही गेलात तर कठड्यापाशी उभे राहून पहिल्या पाच मिनिटांतच ‘गुडघा वाकव’ म्हणाल. यजमानांना एज आणि टर्न यांतला फरक कळत नाही, असे तुम्ही पत्राच्या शेवटी थोड्या तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. या प्रवासासाठी तीच त्यांची पात्रता समजा.